खंडांच्या कपाटापासून महाजालापर्यंत : मराठी ज्ञानकोशांची शंभर वर्षे

कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या संदर्भ-विभागात एक कपाट असे असते की त्यातील पुस्तके घरी नेता येत नाहीत. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि वाईहून आलेले विश्वकोशाचे जाडजूड खंड त्यात ओळीने उभे असतात. सभासदांनी तेथेच बसावे, हवी ती नोंद पाहावी, वहीत उतरवून घ्यावी आणि खंड जागच्या जागी ठेवावा, अशी रीत. घरातील पैज, शाळेतील निबंध, व्याख्यानाची तयारी, एखाद्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती अशा कितीतरी कारणांनी त्या कपाटाच्या दाराची कडी वाजत असे. अलीकडे ती क्वचित वाजते. तेच काम आता खिशातील फोन करतो, आणि तो जे दाखवितो त्यातही बऱ्याच वेळा एक ज्ञानकोशच असतो. त्याला खंड नाहीत, पुठ्ठा नाही आणि अखेरचे पानही नाही. हे स्थित्यंतर कसे झाले, त्यात मराठी वाचकाने काय मिळविले आणि त्याच्यावर कोणती नवी जबाबदारी येऊन पडली, याचा वृत्तान्त शतकमहोत्सवी ग्रंथात नोंदला जाणे उचित होय.

महाराष्ट्राबाहेरच्या, त्यातही सुरतेसारख्या नगरातील मराठी वाचकाला हा वृत्तान्त विशेष जवळचा आहे. मराठी माणसाच्या मनात सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन सालेच प्रथम उभी राहतात. त्यानंतर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातील गोंधळ. परंतु मराठी विद्येशी या शहराचा संबंध याहून वेगळ्या प्रकारचाही आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे १८४० नंतरच्या काही वर्षांत सुरतेस शिक्षक होते. दुर्गाराम मंछाराम मेहताजी यांच्याबरोबर त्यांनी १८४४ साली येथे मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, मूर्तिपूजा, भूत-पिशाच यांवर तेथे उघड चर्चा होत असे. सभेचे पाच प्रमुख सदस्य दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास असे होते. पाचही नावे 'द'ची, त्यामुळे अकारविल्हे रचलेल्या कोणत्याही कोशात ही मंडळी शेजारी शेजारीच बसली असती! याच सुरतेचे कवी नर्मद यांनी गुजरातीचा 'नर्मकोश' जवळजवळ एकहाती रचला व १८७३ साली तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. सोबतीला माणसे नाहीत, डोक्यावर कर्ज आणि समोर शब्दांचा अथांग ढीग, ही कोशकाराची स्थिती सुरतेने आपल्या अंगणातच पाहिलेली आहे. पुढे मराठीत जे घडले ते समजण्यास हे उदाहरण उपयोगी पडते.

मराठीतील पहिला सर्वसंग्राहक आधुनिक ज्ञानकोश रचणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राबाहेरच झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आणि हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहून ते स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्यासमोर प्राध्यापकी वा सरकारी नोकरी असे सरळ मार्ग होते. ते सोडून त्यांनी एक विलक्षण व्यवहार मांडला. ज्ञानकोश काढायचा, पण राजाश्रयावर विसंबून नव्हे, तर लिमिटेड कंपनी स्थापून, भागभांडवल जमवून आणि वर्गणीदार मिळवून. नागपुरास ज्ञानकोश मंडळ उभे राहिले. पुढे काम पुण्यास हलले. विद्वान माणसाने गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवावेत, वकिलाच्या दिवाणखान्यात आणि मामलेदाराच्या ओसरीवर आपल्या ग्रंथाची महती सांगावी, याला त्या काळी काहींनी नाके मुरडली असल्यास नवल नाही. परंतु मराठी मध्यमवर्ग ज्ञानासाठी आगाऊ पैसे मोजील, हा केतकरांचा अंदाज बराचसा खरा ठरला.

१९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि दशक संपेपर्यंत तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' पुरा झाला. यातील पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच. 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास' असे ते प्रस्तावनाखंड आहेत. ब्रिटानिकाचे भाषांतर करून मराठी ज्ञानकोश होणार नाही. जगाकडे पाहण्यासाठी आपण कोठे उभे आहोत हे आधी सांगितले पाहिजे, अशी त्यामागे दृष्टी होती. हे पाच खंड आज विद्वत्तेच्या दृष्टीने जुने झाले आहेत आणि त्यांतील काही मते पटणारीही नाहीत. तरी कोशकाराने आपली भूमिका इतक्या उघडपणे व विस्ताराने मांडल्याचे दुसरे उदाहरण भारतीय भाषांत सहजी सापडणार नाही. केतकरांनी पुढे गुजराती ज्ञानकोशाचाही आरंभ केला होता. ते काम पूर्णत्वास गेले नाही. गेले असते तर तापीकाठच्या दोन भाषांना एकाच कोशकाराचे ऋण मान्य करावे लागले असते.

या उद्योगात केतकरांचे सहकारी म्हणून घडलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. म्हणजे ज्ञानकोशाने ग्रंथ दिला तशी कोशकारांची एक पिढीही दिली. स्वतः केतकर मात्र उत्तरायुष्यात आर्थिक विवंचनेत राहिले आणि १९३७ साली पुण्यात निवर्तले. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई या जन्माने जर्मन ज्यू. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. ज्ञानकोशाच्या आसपास माणसेही अशी असामान्यच जमली होती.

केतकरांच्या कोशाला दुसरी आवृत्ती लाभली नाही. खाजगी उद्योगाची मर्यादा तेथे स्पष्ट झाली. कोश एकदा पुरा होऊ शकतो, पण तो अद्ययावत ठेवण्यासाठी पुन्हा तितकाच वेडा माणूस लागतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने साहित्य व संस्कृती यांसाठी राज्य मंडळ नेमण्यात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचे काम याच मंडळाने हाती घेतले. १९८० च्या अखेरीस त्यासाठी वेगळे निर्मिती मंडळ झाले. तर्कतीर्थांचा जन्म खानदेशातील पिंपळनेरचा. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज जी मराठी वस्ती आहे, तिच्यातील पुष्कळ कुटुंबे याच धुळे-नंदुरबार-जळगावच्या मुलुखातून आलेली आहेत. तर्कतीर्थांची कर्मभूमी मात्र कृष्णाकाठची वाई, आणि विश्वकोशाचे कार्यालयही तेथेच थाटले गेले.

वाईच्या कामाची पद्धत केतकरांहून अगदी निराळी होती. पगारी संपादक, विषयवार अभ्यागत लेखक, तपासनीस, चित्रकार, नकाशे. आणि प्रथम परिभाषा. नोंदी छापण्याआधीच १९७३ मध्ये परिभाषासंग्रह प्रसिद्ध करण्यात आला, कारण भौतिकी किंवा अर्थशास्त्रावर मराठीत लिहावयाचे तर शब्द आधी ठरावयास हवेत. १९७६ साली पहिला खंड आला. एकेका खंडाची सिद्धता दोनदोन, पुढे पुढे त्याहूनही अधिक वर्षे चालली. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड अशा अध्यक्षांनी काम पुढे नेले, आणि विसावा खंड २०१५ साली प्रकाशित झाला.

म्हणजे पहिल्या खंडापासून विसाव्यापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे. यात कोणा व्यक्तीचा दोष शोधण्यापेक्षा अकारविल्हे या पद्धतीचाच स्वभाव पाहावा. वर्णमालेत विषय जेथे येतो, त्यावर त्याचे भाग्य ठरते. आरंभीचे खंड निघाले तेव्हा दोन जर्मन्या होत्या आणि सोव्हिएट संघ अभेद्य वाटत होता. 'इ'चे दार १९७० च्या दशकातच बंद झाले. त्यामुळे 'इंटरनेट' नावाच्या वस्तूला आपल्या अक्षराखाली जागा मिळणे शक्यच नव्हते. त्या वस्तूचा जन्म व्हावयाचा होता आणि तिची नोंद करण्याची वेळ मात्र निघून गेली होती! उलट 'स' किंवा 'ह'ने आरंभ होणाऱ्या विषयांचे नशीब थोर. त्यांना एकविसाव्या शतकाची माहिती मिळाली. छापील कोशाच्या या दुखण्यावर पुरवणी-खंड हा एकच उपाय जगाला ठाऊक होता. खुद्द एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानेही २०१२ साली आपली छापील आवृत्ती थांबविल्याचे जाहीर केले.

दरम्यान संगणक मराठी लिहू लागला होता, पण प्रत्येकजण आपापल्या अक्षरांत. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणकावर स्मरणिका किंवा लग्नपत्रिका जुळवून घेतली असेल त्यांना हा अनुभव चांगलाच आठवेल. एका छापखान्यात नीट दिसणारा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की तेथे अगम्य चिन्हांची रांग उभी राही, कारण प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा. अशा लिपीत ज्ञानकोश उभारणे म्हणजे दर घराच्या विहिरीला निराळा पोहरा लागण्यासारखे होते. जगातील लिप्यांना एकच सामायिक संकेत देणाऱ्या युनिकोड पद्धतीने ही अडचण दूर केली. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. सामान्य माणसाच्या संगणकावर देवनागरी सुखाने दिसू लागण्यास मात्र नवे शतक उजाडावे लागले. मग प्रश्न उरला टंकनाचा. येथे कन्नड भाषेचा एक उपकार सांगितला पाहिजे. रोमन कळा दाबून भारतीय अक्षरे उमटविणारी 'बरहा' ही प्रणाली मुळात कन्नडसाठी तयार झाली. तिच्यात देवनागरी आल्यावर कित्येक मराठी हातांनीही संगणकावरील आपली पहिली अक्षरे तिच्यावरच गिरविली.

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश इंग्रजीत १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. त्याची कल्पना जुन्या संपादकांना अंगावर काटा आणणारीच होती. कोणीही यावे, नोंद लिहावी, दुसऱ्याची दुरुस्त करावी. मात्र प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जाईल, विधानाला प्रकाशित आधार द्यावा लागेल, आणि मजकूर सर्वांना विनामूल्य वापरता येईल. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनीच झाला. त्याच्या अगदी पहिल्या नोंदींत एक 'वसंत पंचमी'ची होती आणि दुसरी बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेची. वर्गणीदार नाहीत, मंडळ नाही, अनुदान नाही. कोणा उत्साही मराठी माणसाने संगणकासमोर बसून ज्ञानकोशाचा श्रीगणेशा करावा तो एका कवितेने, हे मराठी स्वभावाला धरूनच झाले म्हणावयाचे. त्या कवितेचे कर्ते बालकवी जळगाव जिल्ह्यातील धरणगावचे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला ते स्थानक लागते.

त्याच वर्षी, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, कन्नड विकिपीडियाही सुरू झाला. या दोन शेजारी भाषांची वाटचाल ताडून पाहण्यासारखी आहे. दोघींचीही पहिली काही वर्षे मूठभर माणसांची. त्यांतील बरेच संगणक-व्यवसायातले आणि पुष्कळसे आपल्या प्रदेशापासून दूर राहणारे. मराठीत आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, कन्नडमध्ये तीस हजारांहून अधिक. गुजराती विकिपीडियाही साधारण तीस हजारांच्या घरात आहे. आकड्यांनी मराठी वाचकाने हुरळून जाऊ नये. साल, गाव, क्रिकेटपटू, चित्रपट अशा विषयांवरील दोन-तीन ओळींची नोंदही या गणतीत 'एक लेख' म्हणूनच धरली जाते, आणि अशा नोंदी यंत्राच्या साहाय्यानेही भराभर निर्माण करता येतात. गुजरातीत तर खेड्यांवरील छोट्या नोंदींचाच भरणा मोठा आहे. केतकरांच्या कोशातील एक स्तंभ आणि अशा शंभर नोंदी तराजूत घातल्या तर पारडे कोणीकडे झुकेल, हे सांगावयास नको.

कन्नडने एका बाबतीत मात्र मराठीला धडा घालून दिला. शिवराम कारंतांनी मुलांसाठी 'बालप्रपंच' आणि पुढे 'विज्ञान प्रपंच' असे ज्ञानकोश रचून या भाषेत पाया घातलाच होता. म्हैसूर विद्यापीठाने नंतर चौदा खंडांचा कन्नड विश्वकोश सिद्ध केला. २०१४ साली विद्यापीठाने हा विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला करण्याचे पाऊल उचलले, त्यामुळे प्राध्यापकांनी लिहिलेल्या नोंदी स्वयंसेवकांना उघडपणे घेता आल्या, वाढविता आल्या. छापील विद्वत्ता आणि महाजालावरील उत्साह यांची ही सोयरीक होती. मराठीतही छापील कोश महाजालावर आले. केतकरांच्या कोशावरील प्रताधिकाराची मुदत विसावे शतक संपण्यापूर्वीच संपली होती. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने तो संकेतस्थळावर आणला. वाईच्या विश्वकोशाचे खंडही वाचकाला विनामूल्य वाचता येऊ लागले, आणि मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे नेमून जुन्या नोंदी अद्ययावत करण्याचे काम हाती घेतले. गुजरातीत भगवद्गोमंडळाचे नऊ खंड आणि अहमदाबादचा पंचवीस खंडांचा गुजराती विश्वकोश हेही याच वाटेने गेले.

मराठी विकिपीडियाच्या कामाची मौज आणि कटकट त्याच्या चर्चापानांवर दिसते. परदेशी नावे उच्चाराप्रमाणे लिहावीत की रूढीप्रमाणे? 'रेल्वे' ठेवावी की 'लोहमार्ग' घालावा? १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ज्या अनुस्वारांना निरोप दिला, ते केतकरांच्या मजकुरातून उतरवून घेताना काढावेत की ठेवावेत? हे वाद ज्यांनी वाईला परिभाषेच्या बैठका पाहिल्या त्यांना नवे नाहीत. नवे आहे ते एवढेच, की वाद घालणारा कोणी पदवीधर असेल, कोणी निवृत्त अभियंता, कोणी शाळकरी मुलगा, आणि कोणाचेही मत त्याच्या पदावरून मोजले जात नाही. यातून मनस्तापही पुष्कळ होतो. कोणी आपल्या पुढाऱ्याची स्तुती लिहून जातो, कोणी पुस्तकातील पानेच्या पाने उतरवितो, कोणी रागाने नोंद पुसतो. हे निस्तरणारे प्रचालकही विनावेतन काम करतात. दिवसभर नोकरी करून रात्री दुसऱ्याची शुद्धलेखनाची चूक सुधारणाऱ्या या माणसांची नावे कोणत्याही खंडाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत. २०१७ च्या जानेवारीत मराठी भाषा पंधरवड्यानिमित्त राज्य मराठी विकास संस्थेने महाविद्यालयांतून विकिपीडिया-लेखनाच्या कार्यशाळा घेण्यास चालना दिली, तेव्हा या कामाची शासकीय पातळीवर प्रथमच ठळक दखल घेतली गेली. पण कार्यशाळेत लिहिणारे सारेच पुढे टिकत नाहीत. ग्रंथालयाच्या वर्गणीदारांप्रमाणेच येथेही उद्घाटनाची गर्दी निराळी आणि पावसाळ्यातली उपस्थिती निराळी.

सुरतेच्या मराठी घरांना यात कोणते स्थान आहे? येथील महापालिकेच्या शिक्षण समितीने गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविल्या आहेत, पण वरच्या वर्गांत मूल बहुधा गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीकडे वळते. मराठी घरात बोलली जाते, देव्हाऱ्यापुढे म्हटली जाते. माहितीसाठी मात्र दुसरी भाषा, अशी वाटणी हळूहळू ठरून जाते. भाषेची खरी झीज येथे होते. ज्या भाषेत प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, त्या भाषेत पुढची पिढी प्रश्न विचारणेच सोडून देते. केतकर, तर्कतीर्थ आणि विकिपीडियाचे अनाम लेखक या तिघांच्या पद्धती भिन्न असल्या तरी त्यांनी झुंज दिली ती याच गोष्टीशी. बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या होत्या. सुरतेशेजारचे नवसारी त्याच संस्थानात होते. आजची पेटी प्रत्येकाच्या हातात आहे, पण तिच्यात मराठी किती भरावी हे आता कोणी महाराज ठरविणार नाहीत.

शिवाय ज्या शहराने १९६८ आणि २००६ चे तापीचे पूर पाहिले, त्याला कागदाच्या आयुष्याविषयी फारसे सांगावे लागत नाही. खालच्या फळीवरचा ग्रंथ पाण्यात गेला की गेला. महाजालावरील नोंद निदान सुरतेच्या पुरात भिजत नाही. मात्र तीही आधाराशिवाय उभी राहू शकत नाही. विकिपीडियावरील प्रत्येक गंभीर विधानापुढे ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक लागतो, आणि तो पृष्ठांक पाहावयास पुन्हा कोणाला तरी त्या न्यायच्या नाहीत अशा पुस्तकांच्या कपाटाशीच जावे लागते. दादोबांच्या सुरतेतील वर्षांविषयी मराठीत नीट नोंद करावयाची तर अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केलेले दादोबांचे आत्मचरित्र पाहावे लागेल; आणि मानवधर्म सभेत प्रत्यक्ष काय बोलणे झाले ते हवे असेल तर महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली लिहिलेले दुर्गाराम मेहताजींचे गुजराती चरित्र उघडावे लागेल. पहिले पुस्तक वाचणारे पुण्यात पुष्कळ भेटतील, दुसरे वाचणारे अहमदाबादेत. दोन्ही वाचू शकणारी माणसे सुरतेच्या मराठी घरांतून आहेत.